गच्चीवरची मेथी आणि खालची खोली

पुण्यात बुधवार पेठेपासून महात्मा फुले मंडई चालत काही मिनिटांवर आहे. १८८६ पासून तिथे भाजी विकली जाते. मग गच्चीवर मेथी पेरायचा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. पोटभर अन्न काही गच्ची देणार नाही. गहू-ज्वारी तिथे पिकत नाही. पण पालेभाजीची गोष्ट वेगळी. खुडल्यापासून तिच्यातलं क जीवनसत्त्व घटू लागतं, उन्हात तर भराभर. मेथी पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत हाताशी येते, तिला वीतभर खोलीही पुरते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवलीही आहे.

खरी अडचण वजनाची. ओल्या मातीचा पंधरा सेंटीमीटरचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो, आणि वावरायच्या गच्चीसाठी साधारण दीडशे किलोच धरलेले असतात. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर तर हा प्रयोग नकोच. म्हणून उसाचं चिपाड, नारळाचा भुसा, पालापाचोळ्याचं खत, माती नावापुरती. दुसरा आक्षेप मात्र माती बदलून सुटत नाही. ताज्या भाजीची सर्वांत जास्त गरज दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, आणि गच्चीची किल्ली घरमालकाकडे. तेव्हा कुंड्या वाटण्याआधी महापालिकेच्या शाळा आणि दवाखान्यांच्या पक्क्या गच्च्या तपासून घ्याव्यात, आणि तिथली भाजी अंगणवाडीच्या पातेल्यात जावी.