बोलण्यातले बाण

पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, हे तुम्हांला पाठच असेल. काही वर्षांपूर्वी साकोलीत, साध्या दोलकाच्या प्रयोगात, अकरावीच्या एका मुलाचे उत्तर आले ३९! मी चिडून म्हणालो, "डोळे मिटून मोजलंस का रे?" सारे हसले. तो मान खाली घालून गेला. पुढच्या तासाला त्याच्या वहीत ९.८ होते, पण ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले. चूक गेली नव्हती, फक्त लपली होती.

असे का झाले? याचे उत्तर मला भौतिकीत नव्हे, तर मानसशास्त्रात सापडले. कॅनडात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न (१९१०–१९७०) यांनी अमेरिकेत 'ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनॅलिसिस' ही पद्धत मांडली. तिला आपण 'देवघेव-विश्लेषण' म्हणू या. १९६४ साली निघालेल्या त्यांच्या 'गेम्स पीपल प्ले' या पुस्तकामुळे ती घरोघरी पोचली.

आता वहीत एकाखाली एक अशी तीन वर्तुळे काढा. वरच्यात लिहा 'पालक', मधल्यात 'प्रौढ', खालच्यात 'बालक'. बर्न यांच्या मते प्रत्येक माणसात, मग तो सात वर्षांचा असो की सत्तरचा, या तिन्ही अवस्था असतात. वडीलधाऱ्यांकडून उचललेले रागावणे आणि माया करणे म्हणजे पालक. माहिती घेऊन विचार करणारा तो प्रौढ. रुसणारा, घाबरणारा, पण कुतूहलाने उड्या मारणाराही, तो बालक. यांत चांगले-वाईट असे काही नाही. कुतूहल नसते, तर विज्ञान तरी कुठून आले असते?

शेजारी दुसऱ्या माणसाची तीन वर्तुळे काढा. बोलणे म्हणजे एका वर्तुळातून दुसऱ्याच्या वर्तुळाकडे जाणारा बाण.

समजा, तुम्ही विचारलेत, "आई, माझी वही पाहिलीस का?" हा प्रौढाकडून प्रौढाकडे गेलेला बाण. "फळीवर आहे," असे उत्तर आले, तर दोन्ही बाण समांतर होतात आणि बोलणे सुरळीत चालते. पण आई म्हणाली, "एक वस्तू जागेवर ठेवशील तर शपथ!" तर हा बाण पालकाकडून बालकाकडे आला. बाण एकमेकांना छेदतात, वही बाजूला राहते आणि भांडण सुरू होते. कचेरीतही तेच. साहेबांनी विचारले, "फाईल कुठे आहे?" उत्तर आले, "सगळं मीच बघायचं का?" झाले, काम थांबले!

प्रयोगशाळेत त्या मुलाने मला एक आकडा दाखवला होता, आणि मी वरून खाली बाण सोडला होता. पुढे एकदा त्याला जवळ बसवून मी एवढेच विचारले, "एक आंदोलन कसं मोजलंस?"

तो म्हणाला, "सर, गोळा इकडून तिकडे गेला की एक."

उलगडा झाला! गोळा जाऊन परत आला, म्हणजे एक आंदोलन. त्याने अर्धेच मोजले होते. त्यामुळे आवर्तकाल निम्मा झाला. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग छेदात असतो, म्हणून उत्तर चौपट: ९.८ × ४ = ३९.२. त्याचे डोळे चांगले उघडे होते. मीच विचारले नव्हते.

एक सावधगिरी मात्र हवी. मेंदूत असे तीन कप्पे नसतात. चुंबकाभोवतीच्या बलरेषा जशा आपण समजण्यासाठी काढतो, तशीच ही वर्तुळे. शिवाय दुसऱ्याचा बाण आपल्या हाती नसतो. आपला मात्र असतो.

तेव्हा आज घरी एक प्रयोग करा. कोणी रागावून बोलले, तर उलट बोलण्यापूर्वी मनात बाण काढून पाहा, आणि माहिती विचारणारा एक साधा प्रश्न करा. पुढे काय घडते, ते वहीत नोंदवा. आणि हो, निरीक्षण शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू नका!