वास्तव्य आणि नागरिकत्व

परकीयाने आपल्या देशात किती वर्षे राहिल्यावर त्याला नागरिकत्व द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आणि कचेऱ्यांचा वाटतो. गोमंतकात मात्र तो घराघरांत येऊन पोहोचला आहे.

आपला 1955 चा नागरिकत्व कायदा याबाबत मुळात उदार होता. अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्यामागील सात वर्षांपैकी चार वर्षे येथे काढलेल्या परकीयाला सर्वसाधारणपणे अर्ज करता येई. 1986 मध्ये त्या चारांची नऊ आणि 2003 च्या दुरुस्तीने अकरा वर्षे झाली. शिवाय घटनेच्या आठव्या परिशिष्टातील एखादी भाषा पुरेशी अवगत असावी लागते. ती मराठी असो वा कोकणी. ही शिक्षा नव्हे. शेजार, शाळा, बाजार, लग्नकार्ये आणि मरणदारे यांतून माणूस समाजाचा होत जातो आणि त्यास काळ लागतो, एवढेच कायदा मान्य करतो.

गोमंतकीयांना भारताने असा एक दिवसही मोजावयास लावला नाही. 28 मार्च 1962 च्या आदेशान्वये, जे स्वतः अथवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणीही 20 डिसेंबर 1961 पूर्वी या भूमीत जन्मले, ते सर्व त्या दिवसापासून भारताचे नागरिक ठरले. ज्यांना हे नको होते, त्यांना तसे लिहून देण्यास एक महिन्याची मुदत होती. फादर मोंतेरो यांनी तसे लिहून दिले आणि पुढे वास्तव्याच्या परवान्याची मुदत न वाढविता ते येथेच राहिले. परकीयत्व पत्करणाऱ्यास परवाना घ्यावाच लागेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये दिला.

त्याच वर्षी, जानेवारीत, मुक्तिसैनिक मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. आज मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगालात एक रात्रही न काढता तेथील पारपत्र मिळविता येते. पोटासाठी ही वाट धरणाऱ्या तरुणांना देशद्रोही म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. मुंबई, आफ्रिका, आखात असे करीत गोमंतकीय पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलाच आहे. परंतु या पारपत्रावर ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊन काम करण्याची नव्याने जाणारांची सोय 2020 च्या अखेरीस संपली, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याच कायद्यात आहे. कलम 9 नुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे संपते. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढविता येत नाही. ओसीआय कार्डाने येणेजाणे सुकर होते. मत मिळत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. परत यावयाचे झाल्यास कलम 5 चा मार्ग आहे. पण त्यासाठी अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करावे लागते. ज्या वाड्यावर जन्म गेला, तेथेच वर्षभर परकीय म्हणून राहावयाचे!

दलाल पारपत्राचे फायदे तेवढे सांगतो. उरलेली बाजू सांगणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ही सर्व कलमे मराठीत व कोकणीत, सोप्या शब्दांत, प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागली पाहिजेत. आणि कागदावर सही करण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून काय मिळणार व काय जाणार, याचा हिशेब एकदा मांडावा, एवढीच आमची विनंती आहे.