सामूहिक सूर्यनमस्कार : जोर किती, जप किती?

दसरा झाला की आमच्या गावातील दोन-तीन मैदानांवर पहाटे साडेपाचला शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. रथसप्तमीला एका दमात १०८ सूर्यनमस्कार घालायचे, असा संकल्प सोडलेली ही मंडळी असतात. पूर्वी यात शाळकरी मुले आणि तालमीतले तरुण दिसत. आता पन्नाशीचे व्यापारी, बँकेतल्या बाई, निवृत्त मास्तर असे सगळेच दिसतात, आणि कोण आले, कोण चुकले याची हजेरी मोबाईलवरच्या गटात लागते. यातले निम्मे लोक माझे पेशंट. त्यामुळे हिवाळ्यात दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, मी जाऊ का? शरीराबरोबर मनही घडते म्हणतात, ते खरे का?"

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण डॉक्टर लोक तो बहुधा हसून टाळतात.

व्यायाम आणि उपासना यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात जागोजागी मारुती स्थापन केले आणि मारुतीशेजारी तालीम हे समीकरण महाराष्ट्रात घट्ट बसले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत नेले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला छापले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले. म्हणजे घाम आणि नामस्मरण एकाच अंगणात, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते.

गंमत अशी, की अमेरिकेत आज तेच वेगळ्या कपड्यात चालले आहे. तेथे क्रॉसफिट नावाचा अतिशय जोराचा सामूहिक व्यायाम २००० सालापासून पसरला, आणि २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये अंधाऱ्या खोलीत मेणबत्त्या लावून, संगीताच्या तालावर जागच्या जागी सायकल मारण्याचे वर्ग निघाले. हार्वर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागातील दोन अभ्यासकांनी २०१५ साली लिहिले, की चर्चमध्ये न जाणारी तरुण पिढी सोबत, शिस्त आणि आयुष्याला काही अर्थ, हे सगळे अशा व्यायामशाळांत शोधते आहे. मला त्यात नवल वाटले नाही. आमच्याकडील एक निवृत्त कंडक्टर पत्नी गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडत नव्हते. झोपेच्या गोळ्या मागायला येत. शेजाऱ्यांनी ओढत मैदानावर नेले. आता ते पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरतात आणि गोळ्या सुटल्या. याचे श्रेय स्नायूंना किती आणि सतरंज्यांना किती, हे मला मोजता येणार नाही.

काही गोष्टी मात्र मोजल्या गेल्या आहेत. ऑक्सफर्डमध्ये बारा होडीपटूंना एकदा एकेकट्याने आणि एकदा गटाने, पण तेवढ्याच जोराने यंत्रावर वल्ही मारायला लावली. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवत नेला आणि कळ कधी असह्य होते ते पाहिले. गटाने व्यायाम केला त्या दिवशी त्यांना जास्त कळ सोसता आली (हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला). माणसे बाराच, तेव्हा त्यावर इमला बांधू नये. पण गटात दुखणे कमी जाणवते हा अनुभव कोणीही वारकरी सांगेल. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा प्रयोग इटलीतला, २००१ सालचा. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक तल्लख झाली. म्हणजे सूर्याचे नाव घेऊन, सावकाश, श्वासाला जोडून घातलेला नमस्कार ही नुसती भाबडी समजूत नव्हे. पण यातली मेख अशी, की शिट्टीवर घाईने घातलेल्या नमस्कारात मंत्र राहतो ध्वनिक्षेपकावर आणि श्वास राहतो घशात. तो उत्तम व्यायाम असेल, त्याला जप म्हणू नये.

आता जोराच्या व्यायामाकडे येऊ. हृदय हा स्नायूच आहे. थोड्या वेळासाठी त्यावर भरपूर काम टाकले आणि मग विसावा दिला, तर दर ठोक्याला ते जास्त रक्त फेकायला शिकते. स्नायूंच्या पेशी प्राणवायू जास्त वापरू लागतात, साखर खेचून घेतात. म्हणून मधुमेहींना व्यायामाचा इतका उपयोग. जपानमधील इझुमी ताबाता यांनी १९९६ साली दाखवले, की २० सेकंद जीव तोडून काम आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या आठवड्यातून काही दिवस केल्या तरी दमसास वाढतो. मात्र त्यांचे खेळाडू तरुण, कसलेले आणि डोळ्यांसमोर होते. चार मिनिटांचा हा व्यायाम मोबाईलवर पाहून पंचावन्नाव्या वर्षी गच्चीवर करणारे गृहस्थ वेगळे.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा. मध्यम कोणता आणि जोराचा कोणता, हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येते पण गाता येत नाही तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावाच लागतो तो जोराचा. सूर्यनमस्कारात तर मापही हाताशी आहे. 'ॐ मित्राय नमः' स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणा. सलग म्हणता आले तर ठीक, मध्येच तुटले तर आपण जोराच्या हद्दीत शिरलो. नाडीवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी एरवीइतकी वाढत नाही, आणि माणूस फसतो.

धोका कोठे आहे? १९९३ साली अमेरिकेत बाराशेंवर हृदयविकाराच्या रुग्णांना विचारले गेले, की झटका येण्याआधीच्या तासात काय करत होतात. जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे सहापट निघाला. पण नियमित, आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा असे श्रम करणाऱ्यांत तो अडीचपटही नव्हता, आणि एरवी बसून राहणाऱ्यांत शंभरपटीहून जास्त होता. हा धोका त्या तासापुरता असतो आणि मुळात लहान असतो, म्हणून घाबरून घरी बसू नये. ज्याला सवय आहे त्याला मैदान मानवते. वर्षभर गल्ल्यावर बसून रथसप्तमीच्या आदल्या आठवड्यात उत्साह आलेल्याला ते मानवत नाही.

दोन वर्षांपूर्वी असेच एक दुकानदार, वय अठ्ठेचाळीस, मैदानावरून थेट माझ्याकडे आले. सत्तराव्या नमस्काराच्या सुमारास जबडा आणि डावा खांदा दुखू लागला होता. वायू धरला असेल असे त्यांनी ठरवले. शेजारी टाळ्या वाजत होत्या, उरलेल्या अडतीसांचा संकल्प होता. त्यांनी तो पुरा केला. कार्डिओग्राम पाहून मी त्यांना तसेच गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. वाहिनीत स्प्रिंग बसली, गृहस्थ वाचले. महिन्याभराने पत्नीला घेऊन आले आणि हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, पुढच्या वर्षी नाही जमले तर संकल्प मोडल्याचा दोष लागेल का हो?" मी उत्तर द्यायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "आजारी माणसाला एकादशी माफ असते, नमस्कार नसतील?" मला यात भर घालण्यासारखे काही सापडले नाही. सध्या ते रोज चालतात आणि बारा नावांचे बारा नमस्कार सावकाश घालतात. तेही हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावरच.

येथे तो होडीपटूंचा प्रयोग आठवावा. गटात कळ कमी जाणवते, हेच गटाचे बळ आणि हीच गटाची जोखीम. जुन्या तालमीत यावर उतारा होता, तो म्हणजे वस्ताद. कोणाचा चेहरा उतरला, कोणाचा दम तुटला, हे तो पाही आणि "बस खाली" म्हणे. त्याच्या शब्दापुढे पोराचा अभिमान चालत नसे. आखाड्यात पाऊल टाकण्याआधी माती कपाळाला लावायची, तीही अभिमान बाहेर ठेवण्यासाठीच, असे मला वाटते. आजच्या वर्गात शिकवणारा स्वतःच पुढे उभा राहून नमस्कार घालतो, मग मागच्या ओळीकडे पाहणार कोण? माझी संयोजकांना विनंती आहे, की दर वीस-पंचवीस माणसांमागे एक जण व्यायाम न करता नुसता फिरता ठेवा. आणि मध्येच थांबलेल्याचे नाव मोबाईलवर टाकून चेष्टा करू नका.

ज्यांना १०८ घालायचेच आहेत त्यांच्यासाठी एक हिशेब. दसऱ्यापासून रथसप्तमीपर्यंत सुमारे सोळा आठवडे मिळतात. बारा नमस्कारांनी सुरुवात करून दर आठवड्याला सहा वाढवले, तर सोळा आठवड्यांनी बरोबर १०८ होतात. आठवड्यातून एक दिवस सुटी. एका नमस्काराला २० सेकंद धरले तरी १०८ ला ३६ मिनिटे लागतात, यावरून काम किती मोठे आहे ते कळेल. हा हिशेब माझा आहे, ग्रंथातला नाही, आणि तो धडधाकट माणसासाठी आहे. तिशी-चाळीस नमस्कारांवर वर्षभर टिकणारा माणूस मला अधिक आवडतो.

चाळिशीपुढचे, तंबाखू खाणारे-ओढणारे, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार असणारे, यांनी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर डोके खाली नेणे आणि श्वास कोंडून जोर लावणे टाळावे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी पहाटे अनशा पोटी जाऊ नये, खिशात साखर ठेवावी. अंगात ताप असताना संकल्प असला तरी मैदानावर पाऊल टाकू नये. तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज असते आणि तेव्हाचे श्रम जिवावर बेततात.

व्यायाम करताना छातीत दाब, जबडा-खांदा-हात दुखणे, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, असे काहीही झाले तर तेथेच थांबून बसावे. पाच-दहा मिनिटांत ओसरले तरी त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा. न ओसरल्यास वाट पाहू नये. सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांकही योगायोगाने १०८ च आहे. आणि सवय नसताना अतिश्रम झाल्यावर एक-दोन दिवसांत अंग फार सुजून दुखत असेल व लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर ती उष्णता नव्हे. फाटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात उतरलेले असते. सब्जा आणि ताकावर न राहता लगेच दवाखाना गाठावा.