जुन्या गाडीला कोणते अँटीफ्रीझ घालावे?

कोकणात वाढलेल्या माणसाला गाडी गरम झाली की एकच औषध ठाऊक असते, ते म्हणजे पाणी. कशेडी घाट चढून आलेली एसटी बाजूला थांबायची, ड्रायव्हर बॉनेट उघडायचा आणि कंडक्टर कुठूनतरी बादली भरून आणायचा. बोरघाटात ट्रकवाल्यांचे तेच. ही सवय आम्ही सातासमुद्रापार न्यू जर्सीत घेऊन आलो. आमची 1997 सालची टोयोटा कॅमरी एका होज पाइपातून थोडी थोडी गळत होती. सारा उन्हाळा आम्ही तिच्यात दर पंधरा दिवसांनी नळाचे पाणी ओतत राहिलो. गाडी काही बोलली नाही.

जानेवारीत एका सकाळी पारा 5 अंश फॅरेनहाइटवर उतरला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे 15. गाडी सुरू झाली, पण मोठ्या रस्त्याला लागतो न लागतो तोच तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. हीटरमधून मात्र थंडगार वारा. बाहेर सगळे गोठलेले आणि आत इंजिन उकळते आहे, हे आम्हाला काही उलगडेना. मेकॅनिकने उलगडले. रेडिएटरमध्ये बर्फाची लापशी झाली होती. पंप फिरत होता, पण आतले पाणीच हलत नसल्यामुळे इंजिनाची उष्णता बाहेर जायला वाट नव्हती. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला उभी चीर गेली होती. इंजिन वाचले ते आम्ही गाडी लगेच बंद केली म्हणून.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. बंद जागेत फुगले की बिडाचा ब्लॉकसुद्धा फोडते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात, त्यांना इथे 'फ्रीझ प्लग' म्हणतात. पाणी गोठले तर त्या उडतील आणि इंजिन वाचेल, असा पुष्कळांचा समज आहे. खरे तर ओतकामाच्या वेळी आतली वाळू बाहेर काढायला जी भोके ठेवतात, ती बुजवायला त्या असतात. कधी उडतात, कधी नाही. त्यांच्या भरवशावर राहू नये.

इस्राएलमधले आमचे नातेवाईक ज्याला 'मे रादिआतोर' म्हणतात, तेच हे अँटीफ्रीझ किंवा कूलंट. बहुतेक बाटल्यांत एथिलीन ग्लायकॉल असते. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण उणे 37 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, आणि रेडिएटरचे दाबाचे झाकण शाबूत असेल तर सुमारे 129 अंशांपर्यंत उकळतही नाही. म्हणजे बीरशेबाच्या उन्हाळ्यातही ते तितकेच कामाचे. आमच्या गाडीत पाणी ओतून ओतून ग्लायकॉल पाचव्या हिश्श्यावर आले होते, आणि तसले मिश्रण उणे 8 अंशांनाच गोठू लागते. यावर कुणी म्हणेल, मग निव्वळ ग्लायकॉलच घालावे. तेही चूक. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास गोठते आणि पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही.

हे झाले थंडीपुरते. गेल्या वर्षी आमचा भाचा इथे शिकायला आला आणि त्याने 2003 सालची होंडा विकत घेतली. पहिल्याच थंडीत त्याने दुकानात उभे राहून फोन केला. "मामा, टाकीत हिरवे दिसतेय. इथे हिरवे, निळे, नारिंगी, पिवळे सगळे आहे. हिरवेच घेऊ ना?"

आम्ही म्हणालो, "थांब. काहीच घेऊ नकोस."

कारण रंग हा नुसता रंग आहे. ग्लायकॉलला स्वतःचा रंग नसतो. कंपन्या आपापल्या मर्जीने तो घालतात आणि कोणत्या जातीला कोणता रंग असा नियम नाही. होंडाचे स्वतःचे कूलंट त्या काळी हिरवे होते, आता ते निळे मिळते. अमेरिकेतले जुन्या पद्धतीचे कूलंटही हिरवेच. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्याला फरक फारसा कळणार नाही, पण आतली रसायने वेगळी.

खरा फरक आहे गंज रोखणाऱ्या द्रव्यांत. जुन्या अमेरिकन हिरव्यात सिलिकेट आणि फॉस्फेट असतात. ती धातूवर झटपट थर चढवतात, पण तितक्याच लवकर संपतात. म्हणून ते कूलंट दर दोन वर्षांनी किंवा 30,000 मैलांनी बदलावे लागते. 1990 च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि शिशाच्या झाळकामाचे असत. अशा गाडीला आजही हेच योग्य. 1995 पासून जनरल मोटर्सने डेक्सकूल नावाचे नारिंगी कूलंट आपल्या गाड्यांत घालायला सुरुवात केली. त्यात सेंद्रिय आम्ले असतात. त्यांचे काम सावकाश, पण ती पाच वर्षे टिकतात. ते अ‍ॅल्युमिनियमला चांगले, शिशाच्या झाळकामाला तितकेसे नाही. ज्यांच्याकडे वडिलांच्या वेळची गाडी जपून ठेवलेली आहे, त्यांनी 'नवे आणि जास्त टिकणारे' म्हणून नारिंगी घालण्याचा मोह टाळावा.

जपानी आणि युरोपीय गाड्यांची तऱ्हा याहून निराळी. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, कारण त्याने वॉटर पंपाचे सील झिजते असे त्यांचे म्हणणे. त्या फॉस्फेट वापरतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी पाणी जड असते, आणि फॉस्फेटची त्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की आत पापुद्रा धरतो. म्हणून युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात आणि थोडे सिलिकेट चालवून घेतात. एकाला जे वर्ज्य, ते दुसऱ्याला चालते. दोन जाती एकत्र झाल्या की निदान टिकाऊपणा तरी कमी होतो, आणि काही जोड्यांचा तपकिरी चिखल होतो. फोक्सवॅगनचे जुने निळसर आणि नंतरचे लाल, ही अशीच एक जोडी. तो चिखल हीटरच्या बारीक नळ्यांत बसला की निघता निघत नाही.

म्हणून आधी गाडीचे पुस्तक उघडावे. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या डीलरच्या पार्ट्स काउंटरवर सन आणि मॉडेल सांगून विचारावे. त्याच्याकडून गॅलन घेतला तर पाच-दहा डॉलर जास्त पडतील. हेड गॅस्केट गेले तर दुरुस्ती जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडते, हे लक्षात घेता आम्हाला तो खर्च वाटत नाही. 'सर्व गाड्यांना, सर्व रंगांना चालेल' असे लिहिलेली बाटली रस्त्यात अडचण आली तर वापरावी. कायमचे भरायला आम्ही ती घेत नाही.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय काय ओतले आहे हे देवालाच ठाऊक. अशा वेळी भर घालत बसू नये, सगळे काढून टाकावे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे, जुने काढावे, आणि स्वच्छ पाणी भरून, हीटर चालू ठेवून, थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा काढावे. पाणी निवळ येईपर्यंत असे करावे. शेवटच्या खेपेला डिस्टिल्ड पाणी घ्यावे, नळाचे नको.

इथे एक बारकी फसगत होते. कितीही काढले तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये पाणी उरतेच. वरून तयार '50/50' ची बाटली ओतली की मिश्रण पातळ होते. म्हणून गाडीत समजा 8 क्वार्ट मावत असेल, तर आधी 4 क्वार्ट शुद्ध कूलंट घालावे आणि वरची जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. होंडासारख्या काही कंपन्यांचे कूलंट तयार मिश्रणच असते. तिथे आधी शेवटचे पाणी जमेल तेवढे निथळून काढावे आणि मग भरावे, त्यात पाणी मुळीच मिसळू नये. भाच्याच्या गाडीत आम्ही तसेच केले. नंतर दुकानात दहा डॉलरच्या आत मिळणाऱ्या तपासणीच्या पिचकारीने पाहून घ्यावे. आमच्याकडे उणे 30 फॅरेनहाइटच्या खाली आकडा आला की आम्ही निर्धास्त.

काढलेल्या कूलंटची बादली घटकाभरही उघडी ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि भयंकर विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मूलही पिऊ शकते. आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, मग थोडे बरे वाटते, आणि त्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. त्या मधल्या बरे वाटण्याला फसू नये. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगी. अमेरिकेत 1-800-222-1222 या विषबाधा मदत क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो. 2012 च्या डिसेंबरात इथल्या उत्पादकांनी सगळ्या राज्यांत विकल्या जाणाऱ्या अँटीफ्रीझमध्ये कडू द्रव्य घालायचे मान्य केले. पण गॅरेजच्या फळीवर त्याआधीची बाटली असेल तर ती गोड असू शकते. काढलेले कूलंट रस्त्याकडेच्या गटारात ओतू नये. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला नेऊन द्यावे.

भाच्याच्या गाडीत बॉनेटच्या आतल्या बाजूला आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर कूलंटची जात, भरल्याची तारीख आणि तेव्हाचे मैल लिहिले आहेत. खाली मोठ्या अक्षरांत त्याने स्वतःच लिहिले आहे, 'पाणी ओतू नये. आधी मामाला फोन करावा.'