गुलाबी गोळी, तांबडी पेशी आणि पेशीचे कान



आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा, दुपारचं जेवण झालं की मुलांना गुलाबी गोळी देतो. लोह आणि फॉलिक ॲसिडची. प्राथमिकच्या मुलांसाठी असलेल्या या गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं. एकदा एका विद्यार्थिनीच्या आईने मला शाळेच्या दारातच विचारलं, "बाई, गोळ्यो खाता, तरी चेडवाचा रगात कित्याक वाढणा नाय?"

प्रश्न बरोबर होता. मुलगी गोळी नियमित घेत होती, मी स्वतः समोर उभी असायचे. घरात मासे होते, कुळीथ होते, नाचणी होती. तरी हिमोग्लोबिन वर येईना. शाळा तपासणीला आलेल्या पथकाने तिला पुढे पाठवलं. तिथे डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलं आणि ते कमी निघालं. आईने परत मला विचारलं, गळ्यातल्या ग्रंथीचा आणि रक्ताचा काय संबंध? मला नीट सांगता आलं नाही. मग वाचत गेले. जे समजलं ते सोपं करून इथे मांडते आहे.

रक्त रोज नवं बनतं

आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणून हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, नव्या पेशी सतत बनाव्या लागतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख! आपण "एक" म्हणेपर्यंत वीस लाख.

याला मी शाळेची उपमा देते. मूळ पेशी पहिलीत दाखल होते. तिथे ती दुभागते, संख्या वाढते. मग एकेक इयत्ता पास होत ती हिमोग्लोबिन भरू लागते. शेवटी आपलं केंद्रकही बाहेर टाकते आणि तांबडी पेशी म्हणून रक्तात जाते. म्हणजे दोन कामं आहेत : पटसंख्या वाढवणं आणि वेळेवर पास होऊन बाहेर पडणं. ही दोन्ही कामं जमली तरच रक्त नीट.

आधी सामान : मुंबईची गोष्ट

शाळा चालायला आधी सामान लागतं. हे सामान शोधण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र ॲनिमिया होत होता, कित्येकींच्या जिवावर बेतत होता. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने त्याचा अभ्यास केला. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या होत्या. तिने त्यांना यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला उपयोगी घटक म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक ॲसिड. पेशी दुभागताना डीएनएची नवी प्रत काढावी लागते, त्यासाठी ते लागतं. आपल्या गुलाबी गोळीत लोहाच्या जोडीला ते असतं, त्यामागे ही मुंबईची गोष्ट आहे.

मग हुकूम

सामान आलं, पण घंटा कोण देणार? रक्तातला प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंडाला ते कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतं. ही पहिली घंटा. अर्थ असा की "पेशी जगवा, संख्या वाढवा." म्हणून मूत्रपिंड खराब झालेल्या माणसाला ॲनिमिया होतो आणि त्याला याच संप्रेरकाची इंजेक्शनं द्यावी लागतात.

पण नुसती घंटा वाजून काय उपयोग, मुलाला ऐकू यायला हवी. पेशीचा हा कान म्हणजे ग्राही, ज्याला डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक संप्रेरकाचा कान वेगळा. एरिथ्रोपोएटिनचा कान पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतो. थायरॉइड संप्रेरकाचा कान मात्र आत, थेट जनुकांवर बसलेला असतो. संप्रेरक नसेल तर तो काही जनुकं बंद करून ठेवतो. संप्रेरक आलं की तीच जनुकं चालू होतात आणि पेशीला पुढच्या इयत्तेत जाता येतं. शिवाय थायरॉइड कमी असलं की शरीराला प्राणवायूच कमी लागतो, त्यामुळे मूत्रपिंडाची घंटाही हळू वाजते. आता लक्षात आलं ना, त्या मुलीचं रक्त नुसत्या गोळीने का वाढत नव्हतं? सामान होतं, हुकूम पोचत नव्हता.

कान बिघडला तर

हे शास्त्रज्ञांना कळलं ते कोंबड्यांमुळे. १९०८ साली डेन्मार्कमध्ये एलरमान आणि बांग यांनी दाखवलं की कोंबड्यांचा रक्ताचा कॅन्सर विषाणूने पसरू शकतो. अशा विषाणूंपैकी एक कोवळ्या तांबड्या पेशींचा कॅन्सर करतो. त्या रोगाचं नाव एरिथ्रोब्लास्टोसिस. या विषाणूत दोन जनुकं सापडली. रोगाच्या नावावरूनच त्यांना नावं दिली, अर्ब-ए आणि अर्ब-बी. अशा कॅन्सर घडवणाऱ्या जनुकांना ऑन्कोजीन म्हणतात.

गंमत पुढे आहे. ही जनुकं विषाणूची नव्हतीच, कधीतरी कोंबडीच्याच पेशीतून उचललेली होती! १९८४ साली कळलं की अर्ब-बी हा पेशीला वाढ सांगणाऱ्या कानाचा मोडका तुकडा आहे. बाहेरचा भाग तुटलेला, त्यामुळे घंटा वाजली नाही तरी त्याला ती वाजतेच आहे असं वाटतं. १९८६ साली कळलं की अर्ब-ए म्हणजे थायरॉइड संप्रेरकाचाच कान, पण बहिरा झालेला. तो जनुकांवर ठाण मांडून बसतो आणि चांगल्या कानाचंही काही चालू देत नाही. एकामुळे पहिलीची पटसंख्या वाढतच जाते, दुसऱ्यामुळे कोणी पास होत नाही. मग रक्त कोवळ्या, निकामी पेशींनी भरतं. हाच तो कॅन्सर. (कोंबडी-वडे सोडू नका, हा कोंबड्यांचा रोग आहे, माणसाला होत नाही.)

माणसातही कान बिघडतात. फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरान्ता याने १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. त्याच्या घराण्यात एरिथ्रोपोएटिनच्या कानाचा ब्रेक लावणारा भाग जन्मतःच नव्हता, त्यामुळे रक्त भरपूर. तो कॅन्सर नव्हता. पण त्याच कानाच्या आतला निरोप्या, जॅक-टू, नंतर बिघडला तर तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा आजार होतो आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका येतो. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये "हर-टू" असतं ना, ते अर्ब-बीचंच भावंड. त्याचे कान पेशीवर प्रमाणाबाहेर वाढले की ती थांबत नाही. आज त्या कानावर चिकटणारं औषध आहे.

म्हणजे ऑन्कोजीन हा कुठून तरी आलेला राक्षस नाही. पेशीला वाढायला, थांबायला, मोठं व्हायला शिकवणारं आपलंच जनुक बिघडलं की ते ऑन्कोजीन होतं.

शाळेत आणि घरी काय करायचं?

वर्गात हा खेळ घ्या. दहा मुलं "पेशी". एक टाळी म्हणजे जोडीदार आणा, दोन टाळ्या म्हणजे पुढच्या रेषेवर जा. मग एका मुलाला कानात सांगा की टाळी ऐकायचीच नाही, वाटेतच उभं राहायचं. दुसऱ्याला सांगा की टाळी नसली तरी जोडीदार आणतच राहायचं. दोन मिनिटांत गोंधळ होतो आणि मुलांना सगळं कळतं.

पालकांसाठी एवढंच. गोळी बंद करू नका, बहुतेक मुलांना लोहच कमी पडत असतं. गोळीच्या आगेमागे चहा देऊ नका, लिंबू किंवा आवळा द्या. पण नियमित गोळी घेऊनही रक्त वाढत नसेल तर स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका. डॉक्टरांकडे जा. जंत, थॅलेसेमिया, मूत्रपिंड, थायरॉइड, कारण काहीही असू शकतं. थॅलेसेमियात तर जादा लोह अपाय करतं.

ती मुलगी आता रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते आणि शाळेत गुलाबीही. हिमोग्लोबिन हळूहळू वर आलंय. पूर्वी मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसायची, आता लंगडी खेळताना तिला पकडणं अवघड जातं. तिच्या आईला माझं उत्तर जरा उशिराच मिळालं. तुमच्या वर्गातल्या आईला ते वेळेवर मिळावं, म्हणून हा लेख.