विशेष शाळा कीं सर्वसाधारण शाळा? – एक घरगुती हिशेब

मूल हांक मारली तरी वळून पाहत नाहीं, वयाच्या मानानें बोलत नाहीं, चार मुलांत असूनहि एकटेंच खेळतें, असें ध्यानांत आलें म्हणजे घरांत प्रथम वैद्यकीय सल्ला सुरू होतो. आणि मूल पांचसहा वर्षांचें झालें कीं दुसरा प्रश्न उभा राहतो. याला विशेष शाळेंत घालावें, कीं शेजारच्या मुलांबरोबर नेहमींच्या शाळेंत पाठवावें? या प्रश्नाच्या शैक्षणिक बाजूविषयीं पुष्कळ बोललें जातें. आज मला त्याच्या खर्चाविषयीं बोलावयाचें आहे. पोटच्या मुलाच्या बाबतींत पैशाची गोष्ट काढणें कित्येकांस कमीपणाचें वाटतें. परंतु जो खर्च आरंभीं मोजला नाहीं, तोच दोन वर्षांनीं मुलाला शाळेंतून काढावयास लावतो.

पूर्वीं हा प्रश्न फारसा नव्हताच. मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालीं निघाली ती एका आईबापांनीं आपल्या मुलीकरितां काढली म्हणून. नेहमींच्या शाळेचें दार अशा मुलांना बंदच असे. १९७४ सालीं केंद्र सरकारनें अपंग मुलांस सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची योजना आंखली, आणि तेव्हांपासून दुसरी वाट निदान कागदावर तरी दिसूं लागली.

आतां सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आपण डोळ्यांपुढें आणूं. आईबाप मध्यम स्थितींतले, शहरांत राहणारे. पुढील आंकडे मीं केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. श्रोत्यांनीं त्यांच्या जागीं आपापल्या गांवचे दर घालावे.

शासकीय अनुदान मिळणारी विशेष शाळा घेतली, तर फी नाहीं किंवा नाममात्र. शिक्षक त्या कामाचें शिक्षण घेतलेले, वर्गांत मुलें मोजकीं, आणि पुष्कळ ठिकाणीं वाचोपचार व व्यवसायोपचार शाळेच्या आवारांतच होतात. पण अशी शाळा घराजवळ क्वचितच असते. जातांयेतांना रिक्षाचे तीनशें रुपये पडले व वर्षांत दोनशें दिवस शाळा भरली, तर नुसत्या प्रवासाचे साठ हजार झाले. विनाअनुदानित संस्था असेल, तर फीचाच आंकडा इतका मोठा असतो कीं प्रवासखर्चाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

नेहमींची शाळा पायीं पांच मिनिटांवर असते, म्हणून ती स्वस्त वाटते. परंतु तेथें जें मिळत नाहीं तें बाहेरून विकत घ्यावें लागतें. आठवड्यांतून तीन वेळां उपचार, दर वेळीं सातशें रुपये, चव्वेचाळीस आठवडे, म्हणजे ९२,४०० रुपये. शिवाय मुलाजवळ वर्गांत बसणारी मदतनीस, जिला हल्लीं ‘शॅडो टीचर’ म्हणतात, ती आणावी अशी अट शाळा पुष्कळदां घालतात. तिला महिना पंधरा हजार धरले, तर दहा महिन्यांचे दीड लाख. म्हणजे शाळेची फी भरण्यापूर्वींच २,४२,४०० रुपये खर्चीं पडले.

आणि एक रक्कम दोन्ही बाजूंस येते, जी कोणत्याच पावतीवर छापलेली नसते. विशेष शाळा दूर म्हणून आई बाहेर बांकावर बसून राहते. नेहमींच्या शाळेंतून दहा वाजतां ‘मुलाला घेऊन जा’ असा फोन येतो, म्हणून ती नोकरीवर जाऊं शकत नाहीं. पंचवीस हजारांची नोकरी सुटली, तर वर्षाचे तीन लाख गेले. बढती व भविष्यनिर्वाह निधि वेगळाच. वरील कोणत्याहि रकमेपेक्षां ही मोठी आहे. तरी ‘आमचा शाळेचा खर्च कांहींच नाहीं’ असें सांगणाऱ्या वडिलांच्या हिशेबांत ती कधीं दिसत नाहीं!

यापुढचा प्रश्न असा कीं, हा खर्च वस्तुतः कोणाचा? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेंत किंवा विशेष शाळेंत, आपल्या पसंतीप्रमाणें, मोफत शिक्षणाचा हक्क त्याच्या एकतिसाव्या कलमानें दिला आहे. सरकारी निधि अथवा मान्यता असलेल्या शाळांनीं मुलाच्या गरजेप्रमाणें साहाय्य द्यावें व वाहनाची सोय करावी, असें सोळावें कलम सांगतें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर, २०२२ सालीं, अशा दहा मुलांमागें प्राथमिक वर्गांत एक व त्यापुढील वर्गांत पंधरांमागें एक विशेष शिक्षक, असें प्रमाणहि ठरलें. म्हणजे आपल्या हिशेबांतील दोन मोठ्या रकमा, मदतनिसाची व प्रवासाची, आईबाप बहुधा दुसऱ्याच्या वतीनें भरीत असतात. उलट, २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेंत अशा मुलामागें वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरण्यांत आली. हा आंकडा वरील दीड लाखाशेजारीं ठेवून पाहावा.

लहानसहान आधार आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यांत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणारांस एक लाखापर्यंत संरक्षण असून त्यांत उपचारांचाहि समावेश होतो. जुन्या करपद्धतीनें कर भरणारास उत्पन्नांतून ७५,००० रुपयांची, व अपंगत्व ऐंशीं टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. मात्र ही सूट उत्पन्नांतली. वीस टक्के दरानें कर भरणाराचे प्रत्यक्ष पंधरा हजार वांचतात, पाऊण लाख नव्हे.

एका वर्षाचा हिशेब करून शाळा ठरवूं नये, असें माझें मत आहे. मदतनीस चांगली असेल, तर तिचें काम हळूहळू कमी होत जावयास हवें. तिसऱ्या वर्षींहि ती पहिल्या दिवसाइतकीच मुलाला चिकटून बसत असेल, तर दीड लाखांत केवळ वर्गाची शांतता विकत घेतली गेली असें समजावें. कांहीं मुलांना दोनतीन वर्षें विशेष शाळेंत जाऊन मग नेहमींच्या वर्गांत बसणें मानवतें. पुढें दहावीकरितां राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सोय आहे. तेथें विषय थोडेथोडे करून सोडवितां येतात. बहिऱ्या मुलाचा हिशेब मात्र अगदीं निराळा. त्याला खुणांची भाषा बोलणारे सोबती लागतात, आणि ते पगार देऊन आणतां येत नाहींत.

प्रवेशापूर्वीं मुख्याध्यापकांस तीन गोष्टी लेखी विचाराव्या: विशेष शिक्षक आठवड्यांतून किती दिवस येतात, मदतनिसाचा पगार कोण देणार, आणि वाहनाची सोय काय. ‘मदतनीस तुम्हींच आणा’ असें उत्तर आलें, तर तेंहि लेखी मागावें. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधींच्या तक्रारी ऐकणें हें राज्य आयुक्तांचें काम असून त्यांची कचेरी पुण्यास आहे. अर्जासोबत तें पत्र जोडतां येतें.