दोन चालींमधले सेकंद

अमेरिकन फुटबॉल हा सलग वाहणारा खेळ नसून तुटक चालींचा खेळ आहे. एक चाल काही सेकंदांत संपते, त्यानंतर चेंडू पुन्हा खेळात आणण्यासाठी, म्हणजे ‘स्नॅप’साठी, आजच्या व्यावसायिक नियमांनुसार 40 सेकंद मिळतात, आणि क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार असलेल्या खेळाडूचे, नेतृत्व बरेचसे या मधल्या वेळात घडते. निरनिराळ्या काळांतील क्वार्टरबॅकची तुलना करताना अजिंक्यपदे मोजण्याची प्रथा सोयीची असली, तरी त्या सेकंदांत कोणता निर्णय त्याच्या हाती होता हे पिढीगणिक बदलत गेल्यामुळे अशा मोजणीतून नेतृत्वाविषयी फारसे काही कळत नाही.

बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉनी युनिटास पुढची चाल बहुतांशी स्वतः ठरवत असे. अकरा जण ‘हडल’मध्ये, म्हणजे डोकी जवळ आणून केलेल्या कोंडाळ्यात, उभे राहत आणि तो चाल सांगे, इतर कोणी तिथे बोलू नये असा त्या काळचा शिरस्ता होता, मात्र चाल संपल्यावर समोरचा बचावपटू कुठे ढिला पडतो आहे हे सहकारी त्याच्या कानावर घालत आणि तो ते ध्यानात ठेवी. 28 डिसेंबर 1958 रोजी यांकी स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, वेळ संपत आली असताना, त्याने सहकारी रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास टाकून 62 यार्ड मिळवले आणि त्यातून बरोबरी साधली गेली. जादा वेळेत, जिथे पहिले गुण मिळवणारा संघ जिंकणार होता, संघ 80 यार्डांच्या वाटचालीत गोलरेषेजवळ पोहोचला. तिथून चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण घेतले असते तरी सामना खिशात होता, पण युनिटासने धोक्याचा पास टाकला आणि त्यापुढच्या चालीत सहकारी अ‍ॅलन अमीचीने चेंडू रेषेपार नेला. हा निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर वाद घालता येईल, परंतु तो त्याचाच होता.

त्याच दशकात क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी नेमकी उलटी पद्धत रूढ केली होती. प्रत्येक चालीला एक गार्ड, म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू, बाहेरून आत धाडून त्याच्याकरवी ते चाल कळवत. 1956 मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओसुद्धा बसवून पाहिला, त्यावर बंदी आली ती गोष्ट निराळी. त्यांचा ऑटो ग्रॅहम आपल्या दहाही हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि दोन संघटनांत मिळून सात वेळा जिंकला, तरी चाली मुख्यतः ब्राउन यांच्या असत. केवळ अजिंक्यपदे मोजणाऱ्याला ग्रॅहम युनिटासपेक्षा मोठा नेता ठरवावा लागतो. दुसऱ्याने ठरवलेली चाल दहा जणांकडून बिनचूक करवून घेणे हेही नेतृत्वच असते, पण ते वेगळ्या जातीचे.

सान फ्रान्सिस्कोचा जो मोंटाना या दुसऱ्या परंपरेतला. प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच कागदावर मांडून ठेवत, आणि मोंटानाचे काम धावणाऱ्या रिसीव्हरांपैकी, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंपैकी, कोण मोकळा आहे हे ठरलेल्या क्रमाने तपासत अचूक क्षणी चेंडू सोडण्याचे होते. जानेवारी 1989 मध्ये सिनसिनाटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, तीन गुणांची पिछाडी असताना त्याने संघाला 92 यार्ड नेले आणि 34 सेकंद उरले असताना जॉन टेलरला विजयी पास दिला. त्याच्या थंड डोक्याची आख्यायिका यावर उभी आहे. मात्र त्याच वाटचालीत गोंगाटावर आवाज चढवून चाली सांगताना त्याला धाप लागली होती आणि एक पास त्याने मुद्दाम मैदानाबाहेर घालवला, हा तपशील आख्यायिकेपेक्षा अधिक बोलका आहे.

1994 पासून हेल्मेटमधील रेडिओ अधिकृत झाला. प्रशिक्षकाचा आवाज थेट कानात येतो, पण 40 सेकंदांच्या त्या घड्याळावर 15 सेकंद उरताच तो तुटतो, आणि क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे खरे काम तिथून पुढे दिसे. तो अनेकदा हडल टाळून संघाला थेट रेषेवर उभे करी, लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे, बोट दाखवून कोणी कोणाला अडवायचे ते ठरवी, मागचे बचावपटू किती खोल उभे आहेत ते न्याहाळी आणि ऐनवेळी ओरडून चाल बदली. अशा बदलाला ‘ऑडिबल’ म्हणतात. त्याच्या आरोळ्यांपैकी काही खऱ्या, तर काही निव्वळ हूल देण्यासाठी असत. युनिटासचे स्वातंत्र्य अशा रीतीने परत आले, पण प्रशिक्षकाने आखलेल्या चौकटीत आणि आठवडाभर चित्रफिती पाहून केलेल्या तयारीच्या बळावर.

या साऱ्या तुलनेत एक मोठी पोकळी आहे. निर्णयाची ही जागा कृष्णवर्णीय खेळाडूंना झेपणार नाही असा समज दीर्घकाळ प्रबळ होता आणि महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या अनेकांना व्यावसायिक संघ दुसऱ्या जागी खेळवत. मार्लिन ब्रिस्कोने 1968 मध्ये डेन्व्हरसाठी 14 टचडाउन पास, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोहोचवणारे पास, दिले, तरी पुढच्या वर्षी तो बफेलोकडून रिसीव्हर म्हणून खेळत होता. वॉरन मूनला 1978 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत कोणत्याही संघाने घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप, म्हणजे तिथली अजिंक्यपदे, जिंकला आणि 1984 मध्ये ह्यूस्टनमध्ये दाखल झाला. डग विल्यम्सने जानेवारी 1988 मध्ये वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, त्या सामन्याच्या दुसऱ्या चतुर्थांशात त्याच्या संघाने 35 गुण केले. दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असलेला पहिला सुपर बोल मात्र फेब्रुवारी 2023 मध्ये, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स यांच्यात झाला.